आईच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

फ्लेक्स आले आणि बाबांचा ब्रश बसला. धरमपेठेतल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. बघता बघता सगळ्या उतरल्या. मग घर आईने चालवलं, मेसच्या पोळ्या लाटून. त्या पोळ्यांवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, हे मी आजही मान वर करून सांगते.

बाबा आईला म्हणायचे, "तुह्यं चित्र काढतो एक दिवस." तो दिवस आला नाही. आई गेली. पुढे बाबांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा मी ठरवलं, त्यांना दिसतंय तोवर ते चित्र मी करायचं.

बाबांनी पत्र्यावर रंगवलेली एक लक्ष्मी घरात उरली होती. तिच्या रंगांत, तिच्या फटकाऱ्यांत आईचा फोटो उतरवेल असा एआयचा प्रोग्राम मी कॉम्प्युटरवर टाकला. ऑनलाइन लवकर झालं असतं. पण आईचा एकुलता एक फोटो परक्या मशीनवर चढवायचा नव्हता. माझ्या शिकण्यातून, माझ्याच घरात व्हावं, हा ताठाही होता.

असा प्रोग्राम कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डावर चालतो, आणि माझ्या कार्डाची मेमरी जेमतेम चार जीबी. मोठा फोटो दिला की प्रोग्राम बंद पडायचा. फोटो लहान केला, तेव्हा कुठे चित्र निघालं.

बाबांनी स्क्रीनला नाक लावलं. "हे कोन व्हय वं?"

"आई."

"हट! हनुवटीवरचं गोंदण कुठं हाय? तीन टिपके होते. लग्नात पयले तेच पाह्यले मी."

लहान फोटोत ठिपके पुसले गेले होते. मग मी मोठ्या मेमरीचं जुनं कार्ड आणलं. त्याला वीज जास्त लागते म्हणून पॉवर सप्लाय बदलला. कार्ड इतकं लांब की सीपीयूच्या डब्याचं झाकण लागेना, उघडंच ठेवलं. मे महिना. कार्ड तापायचं, काम अर्ध्यात थांबायचं.

एका दुपारी ऑफिसातून आले. बाबा घामाने निथळत बसलेले, आणि त्यांच्या खाटेजवळचा कूलर उघड्या कॉम्प्युटरकडे वळवलेला. टाकी काठोकाठ भरलेली. कार्डावर थेंब चमकत होते.

"काहून फिरवला जी बाबा!" मी ओरडलेच.

"तूच म्हने ना, गरम होऊन राह्यलं म्हून. मले काय, सवय हाय." मग हळूच, "बिघडलं का वं?"

"नाही," मी म्हटलं. स्क्रीन काळी होती.

दुसरं कार्ड घेईपर्यंत दिवाळी आली. तोवर बाबांना उजेड नि अंधार एवढंच कळत होतं. चित्र छापून, काच लावून त्यांच्या मांडीवर ठेवलं. हनुवटी समजून त्यांनी बोट टेकवलं, ते कपाळावर. मी सरकवलं नाही.

"टिपके हायेत?"

"तिन्ही हायेत."

"मंग तीच व्हय."

बाबांना ते दिसलं नाही. पण आईचं चित्र पूर्ण झालं, माझ्याच मशीनवर, तिन्ही ठिपक्यांसकट.