भाऊजींचा अडलेला स्क्रू

रविवारी सकाळी फोन वाजला, स्क्रीनवर 'भाऊजी' दिसलं आणि मी तो उचलला नाही. खरं तेच लिहितो. मला वाटलं, झालं, आला स्क्रूचा तगादा! अर्धी दाढी झाली होती. आरशात स्वतःकडे बघत मी फोन वाजू दिला. परत वाजला, परत वाजू दिला. मग चिडून उचलला आणि "अहो भाऊजी, येतो म्हटलं ना एकदा!" असा खेकसलो. पलीकडे ताई होती. "पक्या, हे गेले रे…" एवढंच म्हणाली. भाजी आणायला गेले होते, मंडईतच छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. ताई त्यांच्याच फोनवरून मला कळवत होती आणि माझ्या तोंडचे पहिले शब्द हे असे. तिने ते ऐकले का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे शिरढोणचे. पनवेलात शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांची उभी नोकरी गेली. वर्गात एकदम शुद्ध बोलायचे म्हणे, पण घरच्या माणसांत आले की गावचं बोलणं सुरू. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, मग निवृत्ती आली आणि भाऊजींना नाद लागला तो त्यांच्या जुन्या मोटरसायकलचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून बसायचे. आता गेलेल्या माणसाचं गोडच बोलायचं असतं, पण हे हाडाचे मेकॅनिक वगैरे काही नव्हते हो! एकदा कार्बोरेटर जोडून झाल्यावर दोन वॉशर उरले, तर म्हणतात कसे, "कंपनीवाले जास्तीचेच घालतात." ते वॉशर त्यांनी जपून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकले. गाडी चालली मात्र. कशी, ते देव जाणे.

उन्हाळ्यात त्या गाडीचा क्लच घसरायला लागला. इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागच्या जागी. कोपऱ्यावर गॅरेज आहे, तासाभराचं काम. पण नाही, भाऊजींनी नव्या क्लच प्लेटा आणल्या आणि मला कामोठ्याहून बोलावून घेतलं. क्लचवरचं झाकण आठ स्क्रूंनी बसवलेलं, आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने ते जाम झालेले. भाऊजींची पद्धत अशी, की स्क्रूच्या डोक्यावर हलकेच हातोडी ठोकायची, तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि गप्प बसायचं. म्हणजे स्क्रूने गप्प बसायचं. भाऊजी बोलत राहायचे. माझ्या ऑफिसातला साहेब सुधारला का, आईचे गुडघे कसे आहेत, कामोठ्यात पाणी किती वेळ येतं… एका स्क्रूमागे एक चहा. "पयला जरासा आवळायचा, मंग सोडायचा. घाई नाय करायची रं पक्या." माझा जीव नुसता वरखाली होत होता.

सात निघाले. आठवा हलेना. भाऊजी चहा सांगायला वर गेले आणि मी हाताला लागला तो स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळा जोर लावला. तो होता एक नंबरने लहान. खर्रकन फिरला आणि स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचा साफ गुळगुळीत झाल्या. आता त्यात काहीच धरणार नव्हतं. भाऊजी खाली आले, वाकून बघितलं, म्हणाले, "असू दे, होतं तसं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. चूक माझी होती आणि आवाज मीच चढवला. "ही गाडी भंगारात घाला आता! पोरखेळ चाललाय सगळा." ताईने माझ्यासाठी मुद्दाम जिताडा माशाचं कालवण केलं होतं, ते टाकून निघालो. जाताना म्हटलं, पुढच्या रविवारी येतो.

गेलो नाही. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "एकच रायलाय रं. नाय निघत माझ्यानं. येतंस का?" कधी मी ऑफिसचं काम सांगितलं, कधी पाहुणे, एकदा तर प्लंबर येणार आहे म्हणालो. प्लंबर! कामोठे ते पनवेल म्हणजे काय सातासमुद्रापार आहे? गाडी उघडी पडलेली म्हणून ते मंडईत चालत जात होते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालण्याचा काही संबंध नाही, नसांतले अडथळे जुनेच होते. मला पटतं ते. दिवसा पटतं.

तेराव्यानंतर ताई म्हणाली, "सोसायटीवाले कुरकुर करतायत. ती उघडी गाडी तेवढी जोडून दे." मग गेलो. हातोडीने ठोकून फिरवायचा खास ड्रायव्हर विकत घेतला, तेलाची बाटली घेतली, त्यांच्याच गोणपाटावर बसलो. आज दिवस गेला तरी चालेल, पण हा काढल्याशिवाय उठायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. वाकून बघतो तर मी वाट लावलेल्या त्या स्क्रूच्या डोक्यावर एक सरळ, स्वच्छ खाच होती. करवतीच्या पात्याने कापलेली. साधा चपटा स्क्रूड्रायव्हर लावला, दातओठ खाऊन जोर केला, आणि पडता पडता वाचलो. स्क्रू सैल होता. बोटांनी फिरत होता, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरावं तसा. बाहेर काढला तर अंगावर गंजाचा कण नाही, घासून पुसून तेल लावलेलं. नव्या प्लेटा मात्र पुडक्यातच होत्या.

म्हणजे त्यांनी तो कधीच काढला होता, आणि परत बसवून ठेवला होता. मला फोन करत होते ते स्क्रूसाठी नव्हेच. मी यावं म्हणून. काहीतरी अडलंय म्हटल्याशिवाय मी यायचो नाही, हे त्यांना कळलं होतं… आणि अडलंय म्हटलं तरी मी गेलो नाही. पार्किंगमध्ये बसून रडलो. वॉचमन बघत होता, बघू दे म्हटलं.

"निघाला का रे?" वरून गॅलरीतून ताईने विचारलं. साडीच्या पदराला हात पुसत उभी होती, आता त्या घरात एकटीच.

"नाही गं," मी म्हणालो. "फारच जाम बसलाय. पुढच्या रविवारी येऊन बघतो परत."

"बरं. मग आता वर ये, जेवूनच जा."

मी तो स्क्रू बोटांनी हलकेच परत बसवला आणि वर गेलो.