दुसरी गादी

आमचे हे खोपटच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले आणि दोन महिन्यांतच टिटवाळ्याहून एक जुनी मोटारहोम घेऊन आले. मूळची मिनीबस. कोणीतरी हौसेने आत संसार थाटलेला. झोपायला दोन बाक, छोटा ओटा, पाण्याची टाकी, मागच्या कोपऱ्यात संडास. मालक मुलाकडे परदेशी निघून गेलेला आणि गाडी चार वर्षं एका बांधकामाशेजारी उभी. मी आत पाऊल टाकलं तर उंदरांचा वास नाकात शिरला. ओट्याजवळचं प्लायवूड पायाखाली भिजल्या बिस्किटासारखं तुटलं.

"बोधगया, सारनाथ, कुशीनगर," हे म्हणाले. "आपल्या गाडीने जायचं. लॉज शोधायला नको, कोणाची मिन्नत करायला नको."

मी कल्याणच्या एका शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलं. बुद्धांना ज्ञान मिळालं तो धडा आला की फळ्यावर निळ्या खडूने निरंजना नदी काढायचे. नदी पाहिली मात्र कधीच नव्हती. त्यामुळे तो उंदरांचा वासही मला त्या दिवशी फार लागला नाही.

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली आणि सहा महिने आम्ही तिच्यात राबलो. इंजिन, ब्रेक, टायर हे ह्यांचं खातं. बाकीचं माझ्याकडे आलं. खिडक्यांची रबरं वाळून चिरलेली होती, ती मी सुरीने खरवडून काढली. गंज पॉलिश पेपरने घासला. उल्हासनगरहून पडद्याचं कापड आणि फोम आणला. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, म्हणून सगळं वायरिंग नव्याने केलं. हे गाडीखाली आडवे होऊन वायर ओढायचे आणि मी वर बसून कुठली वायर कुठे गेली ते वहीत लिहायचे. लाल दिव्यांना, पिवळी पंख्याला, निळी पाण्याच्या पंपाला. ह्यांना हे असलं कधी लक्षात राहत नाही.

मध्येच एकदा ह्यांनी संडास काढून टाकला. "स्टेपनी आणि हत्यारं ठेवायला जागा लागते," म्हणाले.

"अहो, मग मी काय करू रस्त्यात?"

"पेट्रोलपंप असतात की जागोजागी."

मग गाद्यांची मापं आली. एक ह्यांच्यासाठी पावणेसहा फुटांची. दुसरी सहा फूट दोन इंच.

"एवढी लांब कशाला?" मी विचारलं. मी पाच फुटांच्या आत आहे.

"बाकाचं मापच तसं होतंय," हे म्हणाले.

मी फोम कापला. खोळ शिवली. निळ्या कापडाची, कडेला पांढरी पट्टी. ती पट्टी सरळ येईना म्हणून दोनदा उसवली.

निघायला दहा दिवस राहिले असताना मोठे दीर ठाण्याहून आले. ते एसटीत ड्रायव्हर होते. जाऊबाई जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात एकटेच असतात. गाडीत चढले, थेट दुसऱ्या बाकावर आडवे झाले. पाय लांब केले. डोकं या टोकाला, टाचा त्या टोकाला, बरोब्बर. भाऊजी सहा फूट उंच आहेत.

"मस्त झालीय रे," ते ह्यांना म्हणाले. "झोप लागेल."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे स्क्रू आवळत होते.

भाऊजी गेल्यावर मी विचारलं, "कधी ठरलं?"

"अगं, लांबचा रस्ता आहे. एकट्याला झेपणार नाही. दादा येतो म्हणालेला."

"कधी म्हणालेले?"

"गाडी घेतली तेव्हाच."

"मग आपण तिघं जाऊ. मी खाली झोपेन."

"असं कसं, खाली? आणि संडासही नाही आता. तुझेच हाल होतील." थोड्या वेळाने म्हणाले, "दादा एकटा पडलाय गं. समजून घे जरा."

समजून घेणं मला येतं, हे ह्यांना पक्कं माहीत होतं. भाऊजींनी मागितलं असतं तर कदाचित मी स्वतःहून जागा सोडली असती. माझ्याकडे कोणी मागितलंच नाही. सहा महिने माझ्या हातून दुसऱ्याची गादी शिवून घेतली.

भांडले नाही. आज वाटतं, भांडायला हवं होतं. उलट सुकटीची चटणी केली, कारण हे म्हणाले, दादाला आवडते. डबे भरले, पडदे लावले.

निघायच्या सकाळी बिल्डिंगमधले सगळे खाली आले. वंदना झाली, फोटो झाले. समोरच्या वहिनींनी विचारलं, "अय्या, तुम्ही नाही जात?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "हिला गाडी लागते."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. एसटीच्या खडखडाटात सुद्धा मला कधी उलटी झालेली नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि गाडी गेली.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. मध्य प्रदेशात कुठेतरी होते. "अगं, पाणी येत नाहीये. पंपाची वायर कुठली? वही घरी राहिली बहुतेक."

वही माझ्यासमोर टेबलावरच होती. नाही माहीत, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "निळी. ओट्याच्या डाव्या अंगाला जोड आहे, तिथे सैल झाली असेल."

"आलं, आलं पाणी," पलीकडून भाऊजींचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

निरंजना मी मोबाइलवर पाहिली. नुसती वाळू, मध्ये पाण्याची एक बारीक धार आणि त्यात पँट दुमडून उभे असलेले भाऊजी.

बावीस दिवसांनी परत आले. बिल्डिंगवाल्यांनी रविवारी खाली खुर्च्या मांडल्या, प्रवास ऐकायला. मी चहा देत होते. हे रंगात आले होते. "रस्त्यात पंप बंद पडला. गॅरेज नाही, काही नाही. दादाने दोन मिनिटांत फॉल्ट शोधून काढला!" भाऊजी हसले. त्यांनीही काही सांगितलं नाही. मी अर्धा भरलेला ट्रे तिथेच खुर्चीवर ठेवला आणि वर निघून आले.

"सगळ्यांसमोर अशी निघून गेलीस?" नंतर ह्यांनी विचारलं.

"पंप कोणी दुरुस्त केला?"

"अगं, बोलायच्या भरात झालं. एवढ्याशा गोष्टीला काय धरून बसतेस?"

एवढीशीच असेल. मला ती आजही मोठी वाटते.

आता दोघांचं कन्याकुमारीचं चाललंय. छताला आणखी एक कपाट हवंय, म्हणून हे खालून हाका मारतात. मी जात नाही. खिडकीतून सांगते, मला जमणार नाही. परवा ह्यांना भाऊजींशी बोलताना ऐकलं: "तिचं वय झालं रे आता. पहिल्यासारखी हौस राहिली नाही."