रिकाम्या चौकटींच्या अक्षता

सकाळी मी देवपूजेला बसतो, त्याच सुमारास पलीकडच्या खोलीत सूनबाईंचा लॅपटॉप उघडतो. थळजवळच्या आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत बसून मुंबईच्या कचेरीचे काम होऊ शकते, हे मला प्रारंभी खरेच वाटत नसे. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला तिचा व्यवसाय उमगायलाही काळ लागला. आता कोणी विचारले तर मी तो सविस्तर, आणि घरच्यांच्या मते जरा जास्तच सविस्तर सांगतो. लोक कोणता साबण वापरतात, कोणता चहा पितात याची घरोघर विचारपूस करणारे संशोधक असतात. त्यांच्याकडे उत्तरांचे ढीग साठतात आणि त्या ढिगांतून अर्थ काढण्यासाठी त्यांना संगणकतज्ज्ञाची मनधरणी करावी लागते. ही मनधरणी टळावी, संशोधकाने स्वतः स्क्रीनसमोर बसून प्रश्न विचारावा आणि उत्तर त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहावे, अशी साधने आमची सून रचते.

गेल्या श्रावणात तिच्या अशाच एका साधनाची परीक्षा ठरली. कचेरीत आधीचे एक साधन होते. क्लिष्ट, पण सर्वांच्या अंगवळणी पडलेले. संशोधक दोन्ही वापरून पाहणार आणि त्यांना रुचेल ते पुढे चालणार होते. तिचे मागे पडले, तर घरून करायचे हे काम संपणार होते आणि तिला बंगळुरूला जाऊन दुसऱ्याच विभागात रुजू व्हावे लागणार होते. हे तिने आमटी वाढता वाढता, अगदी सहज सांगितले. माझा मुलगा ताटात बघत राहिला. मी भाताला तूप मागितले.

परीक्षेपूर्वी साधन वापरून पाहायला तिला या विषयातला पूर्ण अजाण माणूस हवा होता. तो घरातच उपलब्ध होता. सरावासाठी तिने आमच्या आळीतल्या आणि कोळीवाड्यातल्या घरांकडून, स्वयंपाकघरात काय काय विकत आणता याची उत्तरे मोबाइलवर भरून घेतली होती. त्यात माझीही होती. ती उत्तरे साधनात घालून तिने मला खुर्चीवर बसवले आणि स्वतः मागे स्टूल घेऊन बसली.

तिच्या कामातली एक शिस्त मला फार भावली. समोरचा माणूस साधन वापरत असताना ते रचणाऱ्याने मागे बसायचे आणि चकार शब्द काढायचा नाही. तो अडला तर दोष त्याचा मानायचा नाही, साधनाचा मानायचा. वर्गात विद्यार्थी श्लोकात अडखळला की मीही पुढचा शब्द पुरवीत नसे. त्याच्या ओठांवर तो येईपर्यंत थांबत असे. आपली सून आपल्याच पाठशाळेतली निघाली, याचे मला मनातून कौतुक वाटले.

स्क्रीन खरोखर प्रसन्न होती. सारवलेल्या अंगणासारखी मोकळी. मधोमध एकच प्रश्न, तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे. खालच्या यादीतल्या मासळीवर मी बोट ठेवले. उंच रंगीत पट्टे उभे राहिले आणि गावातली यच्चयावत घरे मासळी विकत घेतात, असे ते सांगू लागले. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"यात आपले घर कुठे आहे?"

तिला मौन सोडावे लागले. "बाबा, त्या प्रश्नाला तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. चौकट रिकामी सोडलीत. रिकाम्या चौकटी साधन बाजूला काढतं."

ज्या घरात मासळी शिजतच नाही, त्याने कोणती मासळी घेता या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, म्हणून मी पुढे गेलो होतो. तेवढ्यात आमच्या शेजारची कोळीणबाई पडवीत आली. नारळी पौर्णिमेला समुद्राला अर्पण करायचा नारळ ती दरवर्षी आमच्या वाडीतूनच निवडून नेते. सूनबाईंनी तिला विचारले, तर तिनेही ती चौकट रिकामीच ठेवलेली.

"मावरा आमी इकत घेऊ?" ती हसत म्हणाली. "गुरुजी कवा नारल इकत घेतान का?"

आमच्या घरात मासळी कधीच नाही आणि तिच्या घरात ती रोजची. तरी दोन्ही घरे एकाच दाराने बाहेर गेली होती. कोळीणबाई नारळ कानाशी हलवून पारखीत बसली. सूनबाई मात्र पुन्हा स्क्रीनकडे वळली. रात्री तिने अडचण सांगितली. अशा प्रत्येक कारणासाठी एकेक बटण वाढवले, तर मोकळे अंगण भरून जाईल आणि जुन्या साधनाची क्लिष्टता नव्यात येईल. न वाढवावे, तर संशोधकाला सोपे पण खोटे चित्र दिसेल. परीक्षा जवळ आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेत असताना ती देवघराच्या उंबऱ्याशी येऊन बसली. एकामागून एक उपचार चालले होते. वस्त्र झाले, गंध झाले. अलंकारांची वेळ आली तेव्हा मी नित्याप्रमाणे अलंकारांऐवजी चार अक्षता वाहिल्या. रोजच्या पूजेला सोन्याचे दागिने कुठून असणार.

"बाबा, अलंकार नसले तर तेवढा उपचार गाळत का नाहीत?"

पूजेच्या मध्ये मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोललो. "गाळला तर देवाला अलंकार वाहायचेच नव्हते, असे होईल. अक्षता ठेवल्या की जागा होती हेही कळते आणि वस्तू नव्हती हेही कळते."

ती तीर्थालाही थांबली नाही.

तिने जे केले ते सर्वस्वी तिचे आहे. मी केवळ अक्षता वाहिल्या. तिने एकही बटण वाढवले नाही. रंगीत पट्ट्यांच्या पायथ्याशी, प्रत्येक रिकाम्या चौकटीसाठी तांदळाएवढा एक फिकट कण ठेवला. ज्याला पाहायचे नाही त्याच्या वाटेत तो येत नाही. बोट लावले, की त्या घराने इतर प्रश्नांना दिलेली उत्तरे शेजारी उलगडतात आणि रिकाम्या जागेचे कारण संशोधकाला स्वतः लावता येते. ते लावले, की तसे सगळे कण एकत्र येऊन त्यांचा वेगळा पट्टा होतो.

परीक्षेच्या दिवशी मुंबईच्या एक ज्येष्ठ संशोधक बाई लॅपटॉपवर दिसत होत्या आणि शेजारी त्यांची स्क्रीनही. मला कोपऱ्यात बसण्याची परवानगी मिळाली होती, अर्थात मौनाच्या अटीवर. बाईंकडे कोकणातली घरे केसांचे कोणते तेल विकत घेतात याची उत्तरे होती. त्यांनी तेल निवडले, पट्टे पाहिले आणि थांबल्या. बराच वेळ काही घडेना. सूनबाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. पुढचा शब्द सांगावा असे मला आयुष्यात प्रथमच इतके तीव्रतेने वाटले. मी मनात रामरक्षा सुरू केली.

मग त्यांच्या माउसचा बाण खाली सरकला आणि एका कणावर थांबला. त्यांनी तो उघडला, दुसरा उघडला, मग भराभर पुष्कळ.

"ह्यांच्याकडे नारळ घरचे आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "घाण्यावरून तेल काढून आणत असणार." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "इतकी वर्षं ह्या घरांना आम्ही उत्तर न देणारी घरं समजत होतो. आणि मला हे कुणी दाखवलंही नाही, माझं मलाच सापडलं."

सूनबाईंनी तेव्हा कुठे हात मोकळे केले.

तिचे साधन निवडले गेल्याचा निरोप आला, त्या दिवशी मी नैवेद्याला नारळीभात करायला सांगितला. बंगळुरूचा विषय पुन्हा निघाला नाही. माझे अनेक विद्यार्थी मोठ्या पदांवर गेले आणि त्यांचा मला आनंद आहे. पण मी काहीही न शिकवलेल्या या मुलीने, समोरच्याला न शिकवता कळावे अशी वस्तू घडवली, तिचा अभिमान वेगळाच आहे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोळीणबाई बाजूला काढलेला नारळ न्यायला आली. "मंग, आमचा घर गावला का?" तिने सूनबाईंना विचारले. सूनबाईंनी पडवीतच लॅपटॉप उघडून तिला तिचा कण दाखवला आणि त्याच्या शेजारचा आमचाही. तिने दोन्हींकडे नीट पाहिले आणि शेजार तिथेही सुटला नाही, असे म्हणत मला हात जोडले. मी तिच्या हातात एक नारळ जास्तीचा ठेवला.