कुंदा आठला जेवली

रात्रभर जाग्या राहणाऱ्या बायका दुपारी एका टेबलाशी डबे उघडून बसल्या, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पाळी जात आलेल्या आम्ही सगळ्या तशाच होतो. गिरण्यांचा संप होऊन गेला होता त्या सुमाराची गोष्ट. अंधेरीच्या एका औषध कंपनीत आम्ही पॅकिंगला होतो. एका पट्ट्यावर अॅसिडिटीच्या गोळ्या, दुसऱ्यावर झोपेच्या. दिवसभर जगाला झोपवायचं आणि रात्री स्वतः छताकडे बघत पडायचं.

आमची वत्सला घाटकोपरची. अंगातून वाफा निघायला लागल्या की ओला टॉवेल गुंडाळून चाळीच्या गॅलरीत जाऊन पडायची. एकदा शेजारीण म्हणाली, "नवऱ्याशी भांडलीस काय गं?"

वत्सला म्हणाली, "नाय गं. तो मस्त घोरतोय."

दहिसरच्या कुंदाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पोट फुगायचं, छातीत जळजळ, करपट ढेकरा, आणि झोप म्हणाल तर पहाटे जरा डोळा लागला तर लागला. ती कंपनीच्या डॉक्टरकडे गेली. त्याने आमच्याच पट्ट्यावरच्या गोळ्या दिल्या आणि वर म्हणाला, "या वयात व्हायचंच असं."

कुंदा म्हणाली, "मग तुमच्या मिसेसलाही होत असेल ना?"

डॉक्टर म्हणाला, "काय माहीत. ती दुसऱ्या खोलीत झोपते."

मग एका दुपारी कुंदाला बसल्याबसल्या डुलकी लागली. रिकाम्या कप्प्यांच्या स्ट्रिपा समोरून सरळ खोक्यात गेल्या. सुपरवायझरने मेमो हातात ठेवला. "पुन्हा झोपलात तर घरीच झोपा." नवऱ्याची गिरणी बंद पडलेली. तो एका वर्कशॉपात दुसऱ्या पाळीला जायचा, पण तिथे पगाराचा काही भरवसा नव्हता. घर कुंदाच्या नोकरीवर चाललं होतं. आमची सगळ्यांचीच तंतरली.

मीच तिला बोरिवलीच्या म्युनिसिपल दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवता किती वाजता?" हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता.

"हे आले की. साडेअकरा, बारा."

"आणि आडव्या कधी होता?"

"भांडी घासली की लगेच."

बाई म्हणाल्या, "पाळी जाताना झोप आधीच तुटक होते. त्यात भरल्या पोटी आडव्या झालात की सगळं वर येणार. आठला जेवत जा."

"नवऱ्याआधी?" कुंदाने विचारलं. तिचा चेहरा असा झाला, जणू बाईंनी तिला चोरी करायला सांगितली.

आम्ही रोज तिच्या मागे लागायचो. "जेवलीस काय गं?" एकदा ती ओट्याशी उभ्याउभ्या दोन घास खात होती, तर सासूने बघितलं. म्हातारी म्हणाली, "घोव भायर उपाशी आसा, आणि तू जेवतंस?" कुंदाने ताट झाकून ठेवलं. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नोकरी गेली तर म्हातारी पोसणार आहे काय तुला?"

त्यानंतर एका मंगळवारी ती आली. डबा उघडून बसली, म्हणाली, "काल आठला जेवले. सासूबाईंच्या समोर बसून."

"आणि झोप?"

"लागली. एवढी गाढ, की हे कधी आले तेसुद्धा कळलं नाही. ह्यांनी हाका मारल्या म्हणे. एरवी मी एका हाकेत उठते ना, ते घाबरले. सासूबाईंना उठवलं. शेजारचे आले. कोणी पाय चोळत होतं म्हणे."

"मग जाग कशाने आली?" वत्सलाने विचारलं.

कुंदा डब्यातली भाजी चिवडत राहिली. "सासूबाईंनी तोंडात गंगाजळ घातलं."



मी विचारलं, "मग?"

"मग काय. शेजारचे घरी गेले. मी उठले, ह्यांना जेवायला वाढलं."