सासऱ्यांसाठी निळा पंप

भोंगा पहिल्यांदा औषधाच्या दुकानात शिरला तेव्हा खोकल्याच्या बाटल्या फळीवर एकमेकींना बिलगून बसल्या, असं दुकानाच्या बाई आजही शपथेवर सांगतात. वजनकाट्यावर उभ्या असलेल्या एका जाडजूड गृहस्थांचं वजन त्या आवाजासरशी दोन किलोंनी उतरलं. पाठदुखीची गोळी घ्यायला आलेली म्हातारी गोळी न घेताच ताठ झाली. आणि कोपऱ्यावरच्या शाळेत घंटा झाली समजून शिपायानं मुलं सोडून दिली. एवढं सगळं व्हायला भोंगा फक्त इतकंच म्हणाला होता, "बाई, एक निळा पंप द्या! आमच्या सासऱ्यांसाठी आहे, बरं का!"

गुपित सांगायची ही त्याची पद्धत.

भोंगा हे काही त्याला आईबापांनी दिलेलं नाव नव्हे. घाऊक धान्यबाजारात तो लिलाव पुकारायचा. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये लाकडी फळ्यांचा ओटा, ओट्यावर हा उभा, खाली खरेदीदार. धान्याच्या ढिगाकडे बोट करून एकदा सुरू झाला की मध्ये श्वास घ्यायचा नाही. माल कसा, पोती किती, बोली कोणाची, बोली लावताना कोणाचे हात थरथरले आणि कोणाला बायकोची परवानगी घेऊन यावं लागेल, सगळं एका दमात. आणि शेवटी छपरावरची कबुतरं उडवणारं "एकवार... दोनवार... तीनवार!" ओट्यावर माइक नव्हता. माइकचं कोणी नाव काढलंच तर तो म्हणायचा, "माइक मुक्यांसाठी असतो."

आणि बाई? बाई औषधं विकत नसत, परीक्षा घेत. गल्लीत त्यांना मास्तरीणबाईच म्हणायचे. "ही गोळी कधी घ्यायची? जेवणाआधी की नंतर? मान नका हलवू, तोंडानं सांगा." उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एका निवृत्त न्यायाधीशांना त्यांनी डोळ्यांत थेंब घालण्यात तीनदा नापास केलं होतं. गल्ल्यावर बसणारे त्यांचे यजमान हताशपणे म्हणायचे, "अगं, गिऱ्हाईक आहे ते. त्याला पास कर आणि जाऊ दे."

"गिऱ्हाईक चुकीचं औषध घेऊन मेलं तर गल्ल्यावर माशा मारशील."

"आत्ता तरी दुसरं काय मारतोय?"

त्यात खोटं काही नव्हतं, कारण रस्त्याच्या पलीकडे समोरचा औषधवाला होता. समोरच्याच्या दुकानात पंखा होता, बसायला खुर्ची होती आणि तोंडभर हसू होतं. तो कोणालाच काही विचारत नसे. परीक्षेला घाबरलेली सगळी गल्ली तिकडे जायची.

भोंगा मात्र बाईंकडेच येत राहिला. दर खेपेला दम्याचा निळा पंप, दर खेपेला सासऱ्यांसाठी. डॉक्टरांची चिठ्ठी कधीकाळची, घड्या पडून चाळण झालेली. निळ्या पंपानं छाती तेवढ्यापुरती मोकळी होते, पण तो इतक्या भराभर संपायला लागला म्हणजे आत काहीतरी पेटलेलं आहे, हे बाई ओळखून होत्या. सासऱ्यांना दुकानात घेऊन या, म्हणून त्यांनी तगादा लावला. भोंगा म्हणायचा, "त्यांना चालवत नाही हो."

एक दिवस त्याची बायको डोकेदुखीची गोळी घ्यायला आली. बाईंनी सहज विचारलं, "वडिलांचा दमा कसा आहे?"

"कोणाच्या वडिलांचा?"

"तुमच्या."

"माझ्या? बाई, ते गेले तेव्हा पाळण्यात होता तो आमचा थोरला आता कामाला लागला. आणि त्यांना कसला दमा? नव्वदीत जिने चढायचे ते." नवरा पहाटे मोरीत जाऊन नळ सोडून का खोकतो, ते तिला त्या काउंटरपाशी कळलं.

पुढच्या खेपेला बाईंनी पंप हातात धरूनच विचारलं, "सासरे कसे आहेत?"

"तसेच."

"तसेच असणार. गेलेल्या माणसात फारसा फरक पडत नाही."

भोंगा आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला. म्हणजे ते फक्त यजमानांपर्यंत ऐकू गेलं. "बाई, बाजारात कळलं तर माझी जागा जाईल. दमेकरी माणूस लिलाव पुकारतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं नंतर. आधी पंप ओढून दाखवा."

त्यानं दाखवलं. दाताच्या डॉक्टरपुढे उघडावं तसं तोंड उघडलं, पंप वीतभर लांब धरला आणि झुरळावर मारावा तसा फवारा सोडला. निम्मं औषध वर गेलं.

"छान," बाई म्हणाल्या, "आमच्या छताला आता दम्याचा त्रास व्हायचा नाही."

मग शाळा भरली. बाईंनी त्याला त्याच्याच बाजारातून समजावलं. "तुमच्या पोत्यांच्या दोन थप्प्यांमधली गल्ली धरा. दोन्हीकडची पोती सुटली, पुढे सरकली, की हातगाडी अडकते ना? छातीतल्या नळ्या तशाच आतून सुजल्यात. निळा पंप म्हणजे दंडुका दाखवून गल्ली मोकळी करणारा पोलीस. तो गेला की पोती पुन्हा जागेवर. तपकिरी पंप म्हणजे रोज येऊन पोती मागे सरकवणारा हमाल. त्याचं काम दिसत नाही, त्याला वेळ लागतो, पण गल्ली तोच रुंद करतो. डॉक्टरांनी तपकिरी दिला होता की नाही?"

"दिला होता. फेकला."

"का?"

भोंगा घुटमळला. मग सांगितलं. तपकिरी पंप चालू केल्यावर पंधरवड्यात ऐन लिलावात "दोनवार" म्हणायला गेला आणि "दोन"च्या पुढे घशातून कोंबडीच्या पिल्लाचा आवाज आला. अख्खा बाजार पोटं धरून हसला. मालक हसले, हमाल हसले, एका खरेदीदारानं त्याच्यापुढे चार दाणे टाकले. "छाती बिघडली तर मी मरेन, बाई. आवाज गेला तर जगावं लागेल."

बाई आत गेल्या आणि एक पारदर्शक नळकांडं घेऊन आल्या. पंप त्याच्या एका टोकाला लावायचा, दुसरं टोक ओठांत घट्ट धरायचं. औषध घशावर आदळत नाही, सरळ छातीत उतरतं. आणि ओढून झालं की गुळण्या करून थुंकायचं. गुळणी टाळली म्हणून तर आवाज बसला होता.

"ही तान्ह्या बाळाची बाटली मी तोंडात धरू?"

"धरा. रडू आलं तर रडा."

श्वास रोखायला तो शिकेना. औषध आत गेलं की लगेच बोलायला सुरुवात. बाईंनी युक्ती काढली. आधी सगळा श्वास बाहेर सोडायचा, पंप दाबून सावकाश आत ओढायचा, आणि मग मनातल्या मनात, अगदी कंजूष खरेदीदाराची वाट बघावी तसं, रेंगाळत म्हणायचं: एकवार... दोनवार... तीनवार. हे त्याला एका झटक्यात जमलं. बाईंनी पास केलं. यजमानांनी पेढे वाटायची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली.

डॉक्टरांकडे मात्र त्याला बाईंनीच पिटाळलं. डॉक्टरांनी तपकिरी पंप पुन्हा लिहून दिला आणि वर सांगितलं, औषधाचा अंमल बसेपर्यंत महिनाभर धुळीत जायचं नाही. भोंगा चिठ्ठी घेऊन थेट दुकानात आला. चेहरा उतरलेला.

"महिनाभर ओटा रिकामा ठेवू? जागा जाईल हो."

"आजारी माणसाची जागा कोण खातं? मालकांना खरं सांगा. चोरी केलीत का लाजायला?"

"सांगूच म्हणता?"

"सांगा म्हणजे सांगाच."

गोळी कधी घ्यायची हे बाई जितक्या खात्रीनं सांगत, तितक्याच खात्रीनं त्यांनी हेही सांगितलं. आणि बाईंचं उत्तर कधी चुकत नाही, हे भोंग्याला तोवर पाठ झालेलं होतं.

त्यानं मालकांना सांगितलं. मालकांनी घरी सफरचंदं पाठवली, वर निरोप: निवांत बरे व्हा, ओटा कुठे पळून जात नाही. ओटा खरंच कुठे पळाला नाही. महिनाभरासाठी म्हणून मालकांचा जावई त्यावर चढला. हा जावई लग्नापासून सासुरवाडीला बसून होता. त्याचा आवाज डासासारखा, म्हणून सोबत माइक आला आणि माइकसोबत दोन कर्णे.

भोंगा घरी नळकांडं तोंडाला लावून इमानानं एकवार, दोनवार करत राहिला. गुळण्या इतक्या जोरात करायचा की शेजारीण म्हणाली, घरात पंप बसवलात की काय. आठवडे गेले. पहाटेचा खोकला थांबला. जिना चढून आल्यावर तो बायकोशी लगेच भांडू शकायला लागला, तेव्हा तिनं बाईंच्या दुकानात येऊन डोळे पुसले.

महिना संपला त्या संध्याकाळी भोंगा दुकानात आला तो छाती पुढे काढूनच. काउंटरपाशी चार गिऱ्हाइकं होती. त्यानं गल्ल्याकडे बोट केलं आणि सुरू झाला. "हा बघा मंडळी माल एकच नग जरा जुना पोटाशी सुटलेला गल्ल्यावरून न हलणारा खायला फार लागत नाही उलट उत्तर देतो पण हळू आवाजात देतो वापरलाय एकाच बाईंनी नीट जपून ठेवलाय कोण बोलतंय बोला बोला एकवार दोनवार तीनवार!" सगळं एका दमात. खोकल्याच्या बाटल्या पुन्हा एकदा बिलगल्या. एकानंही बोली लावली नाही, त्यामुळे यजमान बाईंनाच ठेवून घ्यावे लागले. बाई इतक्या हसल्या की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला परीक्षेशिवाय सोडलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा बाजारात गेला. मालकांनी त्याला शेजारी बसवलं, पाठीवरून हात फिरवला.

"तुमच्या छातीला धूळ चालत नाही, तुम्हीच म्हणालात. उद्या ओट्यावर काही झालं तर ते पाप माझ्या डोक्यावर. तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय. तुम्हाला उघड्यावर काम देतो, मोकळ्या हवेत."

मोकळी हवा म्हणजे बाजाराचं मागचं फाटक. तिथं ट्रक रिकामे होतात. धूळ ओट्यावर होती त्याच्या दुप्पट. काम म्हणजे ट्रक मागे घेताना शिट्टी वाजवणं. शिट्टी मालकांनी नवी कोरी दिली.

तो संध्याकाळी दुकानात आला तेव्हा बाईंना कोणी आल्याचंच कळलं नाही. बाटल्या जागच्या जागी होत्या.

"बाई, तुमचं औषध बरोबर निघालं. छाती एकदम मोकळी आहे. आता ती घेऊन काय करायचं, तेवढं सांगा."

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोंडावर फेकणाऱ्या बाई चाचपडल्या. मालकांकडे मी येते, मी बोलते, असं काहीतरी म्हणाल्या.

"तुम्हीच सांगायला सांगितलं होतं," भोंगा म्हणाला. रागानं नव्हे. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं. "मी तर सासऱ्यांवर भागवत होतो."

"तपकिरी पंप सोडू नका. बरं वाटलं तरी सोडायचा नाही. फाटकावर तर..."

"बरं."

तो पुन्हा आला नाही. बाई खरोखर बाजारात गेल्या. मालकांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि दम्याची माहिती दिली. वर कर्ण्यातून जावयाचा आवाज येत होता, आणि कबुतरं छपरावर आरामात बसून होती.

पुढे त्याच्या बायकोकडून कळलं की नळकांड्यात ती आता चमचे ठेवते. "त्यांना म्हटलं, निदान माझ्यासाठी तरी ओढा. तर म्हणतात, शिट्टीपुरता दम आहे, तेवढा पुरे."

मग एका दुपारी बाईंना तो काचेतून दिसला. समोरच्याच्या दुकानात, पंख्याखाली, खुर्चीत. खांदे वर उचललेले, गळ्यात शिट्टी. समोरचा हसत हसत कागदी पिशवीत निळा पंप घालत होता. बाई हातातलं काम टाकून रस्ता ओलांडून गेल्या.

"अहो, काय चाललंय हे? किती पंप झाले?"

भोंग्यानं मान वर केली. एकेक शब्द मधे श्वास घेत आला. "बाई... इथं कोणी... काही विचारत नाही. बरं वाटतं."

समोरच्यानं बाईंना बसायला खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

त्यानंतर बाईंच्या दुकानातल्या परीक्षा हळूहळू कमी झाल्या. गिऱ्हाइकं परत यायला लागली. यजमान गल्ल्यावर कामात दिसू लागले, आणि अधूनमधून उगाचच बाईंना विचारायचे, "ही गोळी जेवणाआधी की नंतर गं?" त्या वेष्टनावर लिहिलंय म्हणायच्या.

परवा धान्यबाजारातल्या मालकांचा जावई दुकानात आला. घसा खाकरत होता, बाहीवर धान्याचा कोंडा होता. चिठ्ठी पुढे सरकवून हळूच म्हणाला, "एक निळा पंप द्या. सासऱ्यांसाठी आहे."

बाईंनी पंप पिशवीत घालून दिला.