टोपीवाल्या डॉक्टरची कट्कन वाजणारी मान

चाळीसच्या दशकातली ती घटना अजून आठवते, आणि आठवली की माझा हात आपोआप मानेकडे जातो.

मी तेव्हा फौजदार होतो आणि मिरजगाव माझ्या हद्दीत होतं. तिथे एका गृहस्थाने पाटी लावली होती : ‘कायरोप्रॅक्टर. अमेरिकन पद्धतीने मान व कणा जागेवर बसवणार.’ पहिला शब्द गावात कोणालाच उच्चारता येत नव्हता, त्यामुळे कोणी शंकाही घेत नव्हतं. डोक्यावर हॅट, भिंतीवर कण्याचं चित्र. रडणारी तान्ही मुलं आणि डोक्याला मार लागलेली माणसं, ही त्याची खास गिऱ्हाइकं.

खबर आणली ती बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या एका बाईने. ती थेट ठाण्यात येऊन जमिनीवर बसली.

“सायेब, माझ्या लेकीचं लेकरू सव्वा महिन्याचं हाय. लई रडतं. तिची सासू त्याला उद्या बाजाराला आली की त्या टोपीवाल्याकडं नेनार. त्यो मान पिरगाळतो. कट्कन वाजतं.”

“गुण येतो म्हणतात, मावशी.”

“सव्वा महिन्याच्या लेकराला मान धरताच येत न्हाई. ती पिरगाळायची कशी?”

मी स्टेशन डायरीत नोंद केली.

आमचे हवालदार पंधरवड्यापूर्वी घोड्यावरून पडले होते. डोकं दगडावर आपटलं, उलट्या झाल्या, तो सबंध दिवस त्यांना आठवत नव्हता. सरकारी डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. चौकशी करायला गेलो, तर हे गुपचूप दोनदा त्या टोपीवाल्याकडे जाऊन आलेले.

“साहेब, चक्कर लई कमी हाय आता.”

“मान पिरगाळली त्याने?”

हवालदारांनी मानेवरून हात फिरवला. “आवाज तर झाला. पर मान हलल्यागत न्हाई वाटली. म्हटलं, डोक्याला मार हाय, आपल्यालाच समजत नसंल.”

साक्षीदार स्वतःवरच संशय घेऊ लागला, की त्याचं म्हणणं बहुधा खरं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन पंच घेऊन मी दवाखान्यात गेलो. मावशी न बोलावता मागे आल्या. डॉक्टरने माझ्या गणवेशाकडे बघत अमेरिकेचं वर्णन सुरू केलं. मी टोपी काढून स्टुलावर बसलो.

“माझी मान बसवा.”

त्याचे हात थंडगार होते. एक हनुवटीखाली, एक कानामागे. कट् झालं. पंच दचकले. माझी मान होती तिथेच होती.

“आता पुन्हा. पण कानामागचा हात उघडा ठेवून.”

या वेळी काहीच वाजलं नाही. मग तो खाली बसला आणि त्याने स्वतःच्या अंगठ्याचं पेर मोडून दाखवलं. कट्.

जबाब सरळ होता. तो मुंबईत असल्याच एका डॉक्टरकडे चाकरीला होता. तिथे मानेला झटका दिल्यावर एकाचा हात लुळा पडलेला त्याने पाहिला. “तेव्हापासून दुसऱ्याच्या मानेला झटका द्यायची छाती होत नाही, साहेब. लेकराच्या तर नाहीच.”

“मग गुण कसा येतो?”

“मार लागलेल्यांना मी काही दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहा म्हणतो. आणि लेकरं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप कमी रडतात.”

दारातून मावशी म्हणाल्या, “ते तर मी बी सांगते. पर मला टोपी न्हाई.”

तेवढ्यात सासूबाई बाळ घेऊन आल्या. मावशींनी नातवाच्या मानेखाली तळवा घातला आणि त्याला स्वतःकडे घेतलं. पोरगं रडतच होतं, पण मान शाबूत होती.

फिर्याद द्यायला गावात कोणी तयार होईना, सगळे बरे झालेले. मी पाटी उतरवायला लावली आणि त्याला समज देऊन संध्याकाळच्या मोटारीत बसवलं. बाळ दोनेक महिन्यांनी शांत झालं. सासूबाई सगळ्यांना सांगत, “नुसतं दारापत्तोर नेलं, तरी गुण आला.”

आपोआप थांबणाऱ्या गोष्टीशेजारी ऐटीत उभं राहिलं की श्रेय चालत येतं, हे मी त्या माणसाकडून शिकलो. त्याच वर्षी माझ्या हद्दीतल्या घरफोड्या थांबल्या, म्हणून वरिष्ठांनी मला भर कवायतीत प्रशस्तिपत्र दिलं. घरफोड्या करणारा परागंदा होऊन मुंबईला गेल्याचं मला ठाऊक होतं. मी टोपी नीट केली आणि सलाम ठोकला.