आधी सुटाची आंघोळ

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीला आठवड्यातून एकदा नळ यायचा. त्या दिवशी रंगनाथभाऊ पहिल्या दोन बादल्या आपल्या रबरी सुटावर ओतायचे. आतली बाजू बाहेर काढून, शिवणीतला गाळ बोटानं कोरून काढत. सुमनवहिनी दारातून ओरडायच्या, "माझी भांडी तशीच पडली, अन् ह्या सवतीला आंघोळ!"

भाऊ मान वर न करता म्हणायचे, "सवत हाय म्हून तर जित्ता वर येतो ना गं."

भाऊ एका ठेकेदाराकडे पाणबुड्याचं काम करायचे. धरणातून शहराला पाणी उचलतात, तिथल्या जाळीला शेवाळ, जलपर्णी, प्लास्टिक अडकतं. ते खाली जाऊन काढायचं. शहराला पाणी भाऊ सोडवून द्यायचे आणि गल्लीत वहिनी हंडाभर उसनं मागायच्या.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीतच शाळा सुटली. कामाला इथं आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. भाऊंनी घरात जागा दिली, वहिनींनी ताट वाढलं. ठेकेदाराला सांगून भाऊंनी मला काठावर त्यांच्या कमरेची दोरी धरायला लावलं. दोरी जरा सैल पडली की मी ती ओढून बघायचो. भाऊ वर आले की चिडवायचे, "काय रे भंडारा, रडला का नाय? लई जीव हाय व्हय माझ्यावर?"

होताच.

सूट जुना होता, पण त्याची घडी त्यांनी कधी घातली नाही. "घडी पडली का तिथला रबर मरतो, अन् तिथूनच थंडी घुसती." जाड पाइपाच्या हँगरवर तो जिन्याखाली सावलीत लटकायचा. चेनीला मेणबत्ती घासायचे. तरी काखेतली शिवण उसवत गेली. औरंगपुऱ्याच्या बाजारातून पंक्चरचं सोल्युशन आणून मी ठिगळं लावली, ती पाण्यात सुटायची. नवा मागितला की ठेकेदार हसायचा, "अरे रंगनाथ, तू तर पोरासारखा जपतो त्याला. अजून दोन-चार वर्षं कुठं जात नाय."

जपला, हेच चुकलं. फाडून टाकला असता तर नवा मिळाला असता.

गेल्या पौषात जाळी तुंबली. भाऊंना खोकला होता. "आज नको, भाऊ," मी म्हणालो.

"मी नाय उतरलो तर दुसरा आणतील. मग खायचं काय, दोरी?"

वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. बोलता येईना. शेजारी ठेकेदार फोनवर सांगत होता, "झालं साहेब, पाणी सुरू." दवाखान्यात न्युमोनिया निघाला. आठवडाही काढला नाही त्यांनी.

तेराव्याच्या आत नवा सूट आला. ठेकेदारानं तो माझ्या हातात ठेवला. "घाल बघू. तुझ्याच मापाचा आणलाय."

नाही म्हणता आलं नाही. वहिनींचं घर आता माझ्यावर आहे. उतरलो. धरण तेच, पौषही सरला नव्हता.

मला थंडी वाजली नाही.